आपांच्या गाडीची काच

मराठीत ‘काच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक खिडकीची, बाटलीची काच; दुसरा जाच. सासुरवाशिणीला सासरचा काच असतो, नवी चप्पल पायाला काचते. उर्दूत हा योग नाही. तिथे शीशा वेगळा, आणि पायाला जूता ‘काटता’ है. शाळेत आम्ही या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे ही गंमत वर्गात पुष्कळदा सांगून झाली आहे. पण काच जर लोखंडाला टेकली तर ती खरोखरच काचते आणि एक दिवस तडकते, हे आम्हाला आमच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आपांच्या, गाडीला खिडक्या बसवताना कळले. त्या कामात आणखीही काही कळले. ज्या घरात कुबड्या किंवा चाकांची खुर्ची आहे, त्या घरांच्या उपयोगी पडेल म्हणून ते लिहीत आहोत.

आपांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पोलिओचे थेंब पाजण्याची मोहीम आपल्या देशात १९९५ साली सुरू झाली. आपांचे बालपण त्याच्या कितीतरी आधीचे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी आपांनी घरात शिरखुर्मा केला होता. ‘आता माझ्यानंतर कोणी नाही,’ एवढेच म्हणाल्या. अम्मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दोन्ही पायांना कॅलिपर, हातात कुबड्या, तरी आपा वीस वर्षे कॅम्पात मुलींना शिवणकाम शिकवायला जातात. आम्ही राहतो नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून फार दूर नाही अशा एका जुन्या वाड्यात, अब्बांच्या वेळेपासून भाडेकरू. पूर्वी आपा रिक्षाने जात. पगारातला मोठा वाटा रिक्षाला जाई, आणि पावसात रिक्षा मिळतच नसे. म्हणून त्यांनी स्वतःच्या बचतीतून अपंगांसाठी बनवलेली, बॅटरीवर चालणारी तीनचाकी घेतली. उन्हाळ्यात ती ठीक होती. पावसाळ्यात तिच्यावर रेक्झिनचा टप चढवला, पुढे पारदर्शक प्लास्टिक शिवले. पहिल्याच वर्षी ते प्लास्टिक पिवळे पडले, धुळीने आणि पुसण्याने त्यावर ओरखडे आले. एका संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याने परतताना अलका टॉकीजच्या चौकात पाऊस होता. समोरच्या गाड्यांचे दिवे त्या ओरखड्यांवर पडले आणि आपांना पुढचे सगळे पांढरे दिसू लागले. रस्ता ओलांडणारे एक आजोबा त्यांना हातभर अंतरावर आल्यावर दिसले. अल्लाहचा शुक्र, गाडीचा वेग कमी होता. घरी आल्यावर आपा म्हणाल्या, ‘उद्यापासून एकतर गाडीला खरी काच, नाहीतर गाडी बंद.’

गाडी बंद म्हणजे काम बंद. त्यामुळे घरात त्यावर चर्चा झालीच नाही. खरी काच हवी, तर तिला धरणारी पक्की केबिन हवी.

आमच्या मामेभावाची हडपसरच्या बाजूला फॅब्रिकेशनची शेड आहे. तो म्हणाला, जुन्या रिक्षाची पुढची केबिन मिळते, ती आपांच्या गाडीवर बसवू, काचही तयार मिळेल. सोपे वाटले. पण आमच्या वाड्याचा दरवाजा मध्ये आला.

पुण्याच्या जुन्या पेठांत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, वाडे होते तिथेच राहिले. ज्या दरवाजातून एके काळी बैलगाडी जाई असे म्हणतात, त्याची वरची तुळई आता रस्त्यापासून फक्त ६७ इंचांवर आहे. आपांना गाडी आत चौकात आणावीच लागते. रस्त्यावर उतरून, ओल्या फरशीवरून कुबड्यांनी आत येणे पावसात धोक्याचे. उंबऱ्यावर आम्ही लाकडी उतरण टाकली आहे, ती चार इंच उंच. राहिले ६३. उतरणीवर गाडी उसळते, त्यासाठी तीन इंच सोडले. म्हणजे गाडीची उंची साठ इंचांच्या वर चालणार नाही. रिक्षाची केबिन बसवल्यावर ती होणार होती ६७. मालकांना विचारले, तुळई थोडी तासता येईल का? ते म्हणाले, वरच्या दोन मजल्यांचा भार तिच्यावर आहे, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातही ती हलली नाही, तिला हात लावू नका. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. तेव्हा दरवाजा आहे तसाच ठेवून छप्पर सात इंच खाली आणायचे ठरले.

लोखंड कापण्याआधी कायदा पाहिला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीच्या कागदावर लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडकपणे सांगितले. हौसेने जीपचे किंवा मोटारीचे छप्पर कापून तिला ठेंगणी करणारे तरुण याच कलमात सापडतात. पण त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तीच्या वापरासाठी रूपांतरित केलेल्या गाडीची व्याख्या त्यात आली. वाट आहे, मात्र ती मंजुरी घेऊन जाते. मामेभावाने कागदावर मापांसह चित्र काढले, आपांचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडले आणि संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयात अर्ज दिला. मंजुरी हातात आल्यावरच कटर चालला.

छप्पर सात इंच खाली घ्यायचे म्हणजे खांबांचे सात इंच कापून वरचा भाग खाली ठेवायचा, असे आम्हाला वाटले होते. तसे होत नाही. केबिनचे पुढचे खांब सरळ उभे नसतात. ते मागे कललेले असतात आणि वर जाताना एकमेकांकडे झुकलेले असतात. मधला तुकडा काढून वरचा भाग खाली आणला, की खांबांची तोंडे जुळतच नाहीत. आमच्या केबिनमध्ये छप्पर चार इंच मागे राहिले आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच आत आले. मामेभावाला छप्पर पुढे सरकवावे लागले आणि वरची आडवी पट्टी मधोमध कापून तिच्यात दोन इंचांचा तुकडा घालावा लागला.

काचेचेही तेच. छप्पर सात इंच खाली, म्हणून काच सात इंच आखूड, हा हिशोब चुकतो. आमची मुलगी तेव्हा दहावीला होती. तिने ओळंबा सोडला, कोनमापक लावला आणि सांगितले की खांब उभ्या रेषेपासून तीस अंश कलला आहे. मग वहीत मांडले: सात भागिले तीस अंशाचा कोसाइन, म्हणजे ०.८६६, उत्तर आठ इंचांहून किंचित जास्त. काच तिरकी आहे, म्हणून तिची तिरकी लांबी आठ इंचांनी कमी होते. वर तिची रुंदीही बदलली, कारण वरची पट्टी आता रुंद झाली. त्रिकोणमिती कशाला शिकायची असे विचारणाऱ्या त्याच मुलीने ते पान जपून ठेवले आहे.

आता तयार काचेचा विषय संपला. बाजारात लाखो रिक्षांसाठी काच तयार आहे, पण ती आपल्या गाडीला लागत नाही. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथे एका दुकानात सांगितले गेले की घराच्या खिडकीची पाच मिलिमीटरची काच कापून देतो, दिसायला सारखीच, खर्च निम्म्याहून कमी. दिसायला ती सारखीच असते, हे खरे. फुटताना नसते. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात, आणि गाडीत ते चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० क्रमांकाचा नियम म्हणूनच सुरक्षा काचच लावा असे सांगतो.

तिथून पुढच्या गल्लीत काचवाले चाचा भेटले. सत्तरीचे, हाताच्या बोटांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग दोन तुकडे आमच्यापुढे ठेवले. पहिला लॅमिनेटेड काचेचा. बाजूने पाहिले तर दोन काचांच्या मध्ये एक बारीक रेघ दिसते. तो पारदर्शक प्लास्टिकचा पडदा. ही काच तडकते, पण तुकडे त्या पडद्याला धरून राहतात. १९०३ साली पॅरिसमध्ये एदुआर बेनेदिक्त्यूस या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून काचेचे एक भांडे पडले आणि फुटूनही विखुरले नाही, कारण आतल्या द्रावणाचा थर सुकून त्याला चिकटला होता. त्यातून ही कल्पना निघाली. आम्ही हे चाचांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘आमच्या हातून रोज पडतात, आम्हाला फक्त झाडू मिळतो.’

दुसरा तुकडा टफन काचेचा. ही आधी हव्या त्या आकारात कापतात, कडा घासतात, भोके पाडायची तर पाडतात. मग सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि एकदम गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर लगेच थिजतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला आवळून धरतो. त्यामुळे ती मजबूत होते आणि फुटलीच तर बारीक, बोथट खडे होतात. मात्र एकदा तापून निघाल्यावर तिला हिरकणी लावता येत नाही. कड थोडी जरी छेडली तरी सगळी काच एका क्षणात खडे होऊन खाली येते. माप चुकले तर फेकून द्यायची आणि नवी करायची.

समोरच्या काचेला लॅमिनेटेडच हवी, कारण टफन काच तडकली की पूर्ण जाळी होते आणि चालवणाऱ्याला रस्ताच दिसत नाही. बाजूच्या खिडक्यांसाठी नियम तीनचाकींना सवलत देतो: तिथे अॅक्रिलिक चालते. ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे, स्वस्त, आणि सहजासहजी फुटत नाही. सगळीकडे तेच लावू, असे आमच्यापैकी काहींचे मत पडले. आपांनी विचारले, ‘त्याच्यावर ओरखडे पडतात का?’ चाचा म्हणाले, ‘पडतात, बेटी.’ तेवढ्यावर निर्णय झाला. उजवी खिडकी, जिच्यातून आपा आरशात मागची गाडी पाहतात, ती टफन काचेची. डावीकडे दरवाजात अॅक्रिलिक.

वजनाचाही हिशोब चाचांनी तोंडी केला. काच दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो. आमची पुढची काच सहा मिलिमीटरची, खाली ४४ इंच, वर ४० इंच, तिरकी उंची सोळा इंचांच्या थोडी वर. म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास. तीनचाकी गाडीत वजन जितके वर, तितकी ती वळणावर कलंडण्याची भीती. छप्पर खाली आल्याने हा एक फायदाच झाला.

मग फर्मा काढायचा दिवस आला. चाचा खाकी पुठ्ठा आणि सुतळी घेऊन स्वतः शेडवर आले. आधी त्यांनी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे नसतील तर चौकट मुरडलेली आहे. तिच्यात बसवलेली काच सपाट राहू पाहते, लोखंड तिला पिळते आणि एखाद्या गार रात्री आपोआप तडा जातो. कर्ण जुळले. पुठ्ठा कापला, चौकटीत बसवला. आता तो उचलून दुकानात न्यायचा आणि काच कापायची, एवढेच राहिले होते. सगळे खूश होते.

आपा म्हणाल्या, ‘काच कापायच्या आधी मला एकदा आत बसू द्या.’

मामेभाऊ म्हणाला, ‘आपा, अभी रंग भी नहीं हुआ, कपडे खराब होतील.’ त्या ऐकेनात. आम्ही दोघांनी धरून त्यांना सीटवर बसवले. क्षणभर त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मला पत्रा दिसतोय.’

टेप लावून पाहिले. सीट जमिनीपासून ३० इंच. सीटपासून आपांचे डोळे २७ इंच. म्हणजे नजर ५७ इंचांवर. आणि काचेची वरची कड ५६ इंचांवर. तुळईचे माप घेतले होते, उंबऱ्याचे घेतले होते, खांबांचा कोन दहावीच्या गणिताने काढला होता. गाडी वाड्यात अगदी नीट शिरली असती. चालवणारीला मात्र रस्ता पाहायला मान वाकवून बसावे लागले असते, रोज, कॅम्पापर्यंत आणि परत.

चाचांनी पुठ्ठा काढून बाजूला ठेवला. ते म्हणाले, ‘बेटी बरोबर बोलली. खिडकी आधी डोळ्याची असते, मग भिंतीची.’ त्या दिवशी काम थांबले.

सीट खाली घ्यायची तर तिच्याखाली बॅटऱ्या होत्या. मामेभावाने त्या काढून सीटच्या मागे, फळीला लागून, खालच्या अंगाला नेल्या. सीट सहा इंच खाली आली, २४ इंचांवर. आता आपांची नजर ५१ इंचांवर, काचेच्या वरच्या कडेपासून पाच इंच खाली. जड बॅटऱ्या खाली गेल्याने गाडी आणखी स्थिर झाली. आणि ज्याचा कोणी विचारच केला नव्हता तेही झाले: सीट बुटकी झाल्यामुळे आपांना आता कुबड्यांवरून सीटवर सरकायला कोणाचा हात लागत नाही. हा बदलही चित्रात दाखवून कार्यालयातून मान्य करून घेतला. दोन आठवडे गेले, पण ते वाया गेले असे घरात कोणी म्हणाले नाही.

याच दोन आठवड्यांत नात्यातल्या एक खाला भेटायला आल्या. त्यांनी सुचवले की एवढी काच लावताच आहात तर तिच्यावर काळी फिल्म लावा, बाईमाणसाला पडदाही होईल. त्या आपुलकीनेच बोलत होत्या. नियमाने पुढच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, आणि २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळ्या फिल्म लावायला मनाई केली, हे आम्ही सांगणार होतो. त्याआधी आपाच म्हणाल्या, ‘खाला, माझा पडदा माझ्या ओढणीत आहे. काचेतून मला बाहेरचं दिसलं पाहिजे. त्या दिवशी ते आजोबा दिसले नसते तर अल्लाहला काय जवाब दिला असता?’ खाला गप्प झाल्या. निघताना त्यांनी आपांच्या डोक्यावरून हात फिरवला.

काच कापताना आम्ही मुद्दाम दुकानात गेलो. चाचांनी मोठी लॅमिनेटेड पाटी टेबलावर आडवी घातली, फर्मा ठेवला आणि एका दमात हिरकणी ओढली. मग पाटी उलटवून त्याच रेघेवर दुसऱ्या बाजूने ओढली. दोन्ही काचा अलगद तोडल्या, आणि मधला प्लास्टिकचा पडदा स्पिरिटने मऊ करून पात्याने कापला. कोपरे त्यांनी टोकदार ठेवले नाहीत, गोल घासले. टोकदार कोपऱ्यात रबर वळत नाही आणि तडा नेहमी तिथूनच सुरू होतो, असे त्यांनी सांगितले. उजव्या खिडकीसाठी आधी प्लायवुडचा तुकडा कापून चॅनेलमध्ये पुढेमागे सरकवून पाहिला, दोनदा घासला, आणि मगच ते माप काच तापवायला पाठवले.

हे पाहताना शाळेतली एक गोष्ट आठवली. नारायण पेठेत केसरी वाडा आहे हे सगळ्यांना माहीत असते. पण लोकमान्य टिळकांचा ज्याला पाठिंबा होता, त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला, हे मुलांना माहीत नसते. एकेक पैसा गोळा करून उभा केलेला कारखाना, आणि त्याची घडी बसवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, काचेचे तंत्र परदेशात शिकून आलेले. पुढे कराडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. अब्बांच्या लहानपणी त्यांच्या गावच्या घरीही तो होता. त्या कंदिलाची काच पुसण्याचे काम घरातल्या लहान मुलांकडे असे, कारण तिच्यात लहानच हात जातो. काच करणारे हात आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. आज त्यांच्याकडे कोणी वेगळ्या मापाचे काम घेऊन जात नाही, म्हणून तयार मिळेल ते घ्यायचे अशी सवय आपल्याला लागली आहे.

काच बसवण्याची रीत मात्र अशी की ती एकट्याने होत नाही. आधी चौकटीला गंज रोखणारा रंग दिला, दोन दिवस वाळू दिला. मग काचेच्या कडेभोवती रबराची गादी चढवली. त्या रबराला बाहेरच्या अंगाने एक खाच असते, ती चौकटीच्या पत्र्यावर बसायची असते. त्या खाचेत चाचांनी नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवली आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी सोडली. रबराला साबणाचे पाणी लावले. काच बाहेरून चौकटीवर टेकवली, दोरीची टोके आत घेतली. एकाने बाहेरून तळहाताने हलके दाबायचे, दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायचे. दोरी निघते तशी रबराची ओठाळी कड पत्र्यावर चढत जाते, इंच इंच करून. बाहेरच्याने जोर केला तर काच तडकते, आतल्याने घाई केली तर रबर फाटते. बाहेर आमच्या वाड्यातले खालच्या मजल्यावरचे काका होते, निवृत्त सुतार. हात लावायला ते सकाळपासून येऊन बसले होते. आत दोरी ओढायला आपा बसल्या. त्यांचे सगळे बळ हातांत आहे. पायांचे कामही आयुष्यभर हातांनीच केले आहे. काका म्हणत, ‘हळू, हळू, आता कोपरा आला,’ आणि आपा थांबत. शेवटचा कोपरा बसला तेव्हा काकांनी बाहेरून काचेवर बोटाने टकटक केले.

नंतर पाइपने पाणी मारून पाहिले. खालच्या डाव्या कोपऱ्यातून थेंब आला. तो सील केला, पुन्हा पाणी मारले. कोरडे. लहान पात्याचा वायपर बसवला, कारण आखूड काचेवर रिक्षाचे पाते वरच्या रबराला घासत होते. मग तपासणी झाली, कागदावर नोंद झाली.

त्या पावसाळ्यात बाबा भिडे पूल नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेला, नदीपात्रातला रस्ता बंद झाला, पेठेत वाहनांची कोंडी झाली. आपा कोंडीत अडकल्या आणि उशिरा पोहोचल्या; कोरड्या पोहोचल्या. मुलींचा वर्ग एकही दिवस चुकला नाही.

गेल्या महिन्यात कोंढव्याहून एक बाई आल्या. त्यांच्या मुलाला चालता येत नाही, तो कॉलेजला आहे. अशीच केबिन कोणाकडून करून घ्यावी, काच कुठली, खर्च किती, हे विचारायला त्या आल्या होत्या. सोबत त्यांनी त्यांच्या इमारतीच्या फाटकाचे आणि जिन्याखालच्या जागेचे माप कागदावर लिहून आणले होते. आपांनी कागद पाहिला, घडी करून परत दिला, आणि टेप मुलाच्या हातात दिला.

‘तू आधी बस,’ त्या त्याला म्हणाल्या. ‘तुला जसं बसायला बरं वाटतं तसं बस. मग तुझ्या डोळ्यांचं माप घेऊ.’